गॅबापेंटिन घेताय? मग सुरू करायचं कसं, वाढवायचं कसं आणि बंद करायचं कसं ते आधी नीट बघा

नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिन लिहून मिळालं की बरेच जण ते डोकेदुखीच्या गोळीसारखं वापरायला लागतात. दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, रात्री जास्तच आग झाली तर दोन घेतल्या. आणि मग आठवड्याभरात निकाल लावून मोकळे, "काही उपयोग नाही हो, नुसतं गरगरतं". औषध खरंच लागू पडलं नाही असंही होतं, पण बऱ्याच वेळा ते नीट घेतलंच गेलेलं नसतं.

हे औषध दुखलं म्हणून घ्यायचं नसतं, घड्याळ बघून घ्यायचं असतं. हळूहळू चढवायचं, ठरलेल्या ठिकाणी थांबायचं आणि उतरवतानाही हळूहळूच. खाली जे आकडे दिलेत ते मोठ्या माणसांच्या नेहमीच्या डोसचे आहेत, तुमच्या चिठ्ठीत वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठीच खरी. प्रीगॅबालिन हे याचंच भावंड, बरंचसं तेही असंच घ्यायचं असतं, जिथे फरक आहे तिथे सांगतोच.

टप्पा १: पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगून टाका

सगळ्यात आधी किडनी. हे औषध लिव्हरमध्ये मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर जातं, त्यामुळे किडनी मंद चालत असेल तर ते अंगात साठत जातं. किडनी ठीक असेल तर साधारण ५ ते ७ तासांत रक्तातलं औषध निम्मं होतं, पण किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल तर त्याच कामाला ५२ तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणजे शेजाऱ्याला जो डोस छान मानवला तोच तुम्हाला दोन दिवस झापडीत ठेवू शकतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते त्याचा अंदाज) ६० च्या खाली गेला की डोस कमी करावा लागतो, ३० ते ५९ च्या मध्ये असेल तर दिवसाचा एकूण डोस ४०० ते १४०० एमजीच्या आत ठेवतात, आणि त्याच्याही खाली अजून कमी. डायलिसिस चालू असेल तर हिशोबच वेगळा, कारण डायलिसिसमध्ये औषध धुऊन जातं आणि नंतर वेगळा डोस द्यावा लागतो.

डायबेटीसमुळे पायांची आग होणारे आणि नागीण होऊन गेल्यावर दुखणं मागे राहिलेले बरेच जण वयस्कर असतात, आणि वयाबरोबर किडनीचं काम कमी होतंच, रिपोर्टवर क्रिएटिनिन नॉर्मल दिसत असलं तरी. म्हणून जुना का होईना, रिपोर्ट सोबत न्या. नसेल तर "आधी क्रिएटिनिन करून घेऊ का?" असं सरळ विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

मग श्वास. दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा फुप्फुसाचा आजार), झोपेत श्वास अडकणं, खूप घोरणं, यातलं काहीही असेल तर सांगा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन दोन्हींबद्दल इशारा दिलाय की फुप्फुसं कमकुवत असलेल्यांमध्ये, वयस्करांमध्ये आणि सोबत गुंगीची औषधं घेणाऱ्यांमध्ये श्वास धोकादायक मंद होऊ शकतो.

आणि सध्या जे काही घेताय ते सगळं. लोक बीपी-शुगरच्या गोळ्या बरोबर सांगतात आणि नेमकं हे सांगायचं विसरतात:

- ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिनसारखी दुखण्याची औषधं. मॉर्फिनमुळे तर गॅबापेंटिनची रक्तातली पातळीही वाढते.
- झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे.
- खोकल्याची आणि सर्दीची औषधं, ज्यांनी पेंग येते ती.
- दारू. किती आणि किती वेळा ते खरं सांगा, डॉक्टर घरी फोन करून सांगणार नाहीयेत.

कधीकाळी कसलं व्यसन होतं का, डिप्रेशन होतं का, जीव नकोसा वाटण्याचे विचार आले होते का, हेही सांगायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार चालू असेल तर तेही आत्ताच सांगा.

चेक: किडनीचा रिपोर्ट दाखवला? सगळी औषधं सांगितली? दारूबद्दल सांगितलं? तिन्ही हो असतील तरच पुढे.

टप्पा २: पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा

नाव एकच पण गोळ्या वेगवेगळ्या. साध्या कॅप्सूल १००, ३०० आणि ४०० एमजीच्या, गोळ्या ६०० आणि ८०० च्या. चिठ्ठीतला आकडा आणि पाकिटावरचा आकडा जुळतो का ते दर वेळी बघा, नवीन पाकीट आणलं तरी बघा. १०० ऐवजी ३०० हातात पडली तर तिप्पट डोस होतो.

दुसरी गोष्ट, हळूहळू सुटणारी म्हणजे एक्सटेंडेड रिलीज गोळी आहे का साधी? साधी गोळी जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, फरक पडत नाही. एक्सटेंडेड मात्र जेवणाबरोबरच घ्यायची, आणि ती तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर अजिबात नाही. दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत, एमजी सारखे दिसले तरीही.

तिसरी गोष्ट अशी की काही कॅप्सूलमध्ये गॅबापेंटिन एकटं नसतंच, सोबत मिथाइलकोबालामिन (बी१२ जीवनसत्त्व) किंवा नॉरट्रिप्टिलिन (मुळात डिप्रेशनवरचं औषध) घातलेलं असतं. नॉरट्रिप्टिलिनवाली कॅप्सूल असेल आणि तुम्ही परस्पर एकाच्या दोन केल्या तर तेही दुप्पट होतं, आणि हृदयाचे ठोके, लघवी अडकणं, काचबिंदू या बाबतीत ते औषध स्वतःच नाजूक आहे. अशी मिश्र कॅप्सूल मिळाली असेल तर "डोस वाढवताना हीच वाढवायची का वेगळी साधी गोळी देणार?" हे आधीच विचारून ठेवा.

६०० किंवा ८०० ची गोळी मधोमध रेघ असेल तर अर्धी करता येते, उरलेली अर्धी मात्र पुढच्याच डोसला वापरून टाकायची. लिक्विड मिळालं असेल तर ते बरेचदा ५ मिलीमध्ये २५० एमजी असं असतं, पण बाटलीवरचंच प्रमाण धरा, आणि मोजायला सोबतची सिरिंज. घरातला चमचा नको, कुठल्याच दोन चमच्यांत सारखं मावत नाही.

इशारा: घरात आधीचं प्रीगॅबालिन पडलंय म्हणून ते गॅबापेंटिनच्या जागी घेऊ नका, किंवा दोन्ही एकदम नको. ७५ एमजी प्रीगॅबालिन म्हणजे ७५ एमजी गॅबापेंटिन नव्हे, ते कितीतरी कमी एमजीत काम करतं.

टप्पा ३: वेळा बांधा

साधं गॅबापेंटिन दिवसातून तीनदा का, तर ते अंगातून लवकर निघून जातं. सकाळी आणि संध्याकाळी घेऊन दुपारची गाळली की संध्याकाळपर्यंत पातळी खाली आलेली असते आणि लोक म्हणतात "संध्याकाळीच का दुखतं कळत नाही". डोस साधारण सारख्या अंतराने घ्या. हेच औषध फिटसाठी चालू असेल तर दोन डोसांत १२ तासांपेक्षा जास्त गॅप पडू द्यायचा नाही. प्रीगॅबालिन बहुतेक वेळा दोनदाच असतं.

नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी नेहमीची सुरुवात अशी असते: पहिल्या दिवशी ३०० एमजी एकदा, दुसऱ्या दिवशी ३०० दोनदा, तिसऱ्या दिवशी ३०० तीनदा. म्हणजे तीन दिवसांत ९००. पण हा वेग सगळ्यांना झेपत नाही, वयस्कर किंवा बारीक चणीच्या माणसाला डॉक्टर १०० पासून सुरू करतात आणि दर काही दिवसांनी एक पायरी वर जातात. माझ्या मते घाई नसेल तर हळू वेगच बरा, कारण पहिल्याच आठवड्यात गरगरून हैराण झालेला माणूस औषधच फेकून देतो आणि मग पुन्हा सुरू करायला तयार होत नाही.

पहिला डोस रात्री झोपताना. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी पहिली गोळी हा उद्योग करू नका.

मोबाईलला तीन अलार्म लावा आणि कागदावर तारीख, वेळ, किती एमजी असं लिहायला घ्या. हा कागद पुढे तीन ठिकाणी कामाला येणार आहे.

टप्पा ४: पहिला आठवडा

या काळात झोप येणार, डोकं जड राहणार, चालताना तोल जाईलसं वाटणार. नागिणीच्या दुखण्यावरच्या चाचण्यांमध्ये गॅबापेंटिन घेणाऱ्या १०० पैकी साधारण २८ जणांना गरगरलं आणि २१ जणांना पेंग आली, म्हणजे हे तुमच्याच नशिबी आलेलं काही विशेष नाही. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं.

गाडी चालवू नका. दुचाकी पण गाडीच. इथे गंमत अशी आहे की गुंगीत असलेल्या माणसाला आपण किती गुंगीत आहोत हे नीट कळत नाही, औषधाच्या माहितीपत्रकातसुद्धा हे लिहिलेलं असतं. त्यामुळे "मला तर काहीच होत नाहीये" हे तुमचं मत धरायचं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा की मी नेहमीसारखं बोलतोय का, चालतोय का. शिडी, गच्ची, मशीनवरचं काम, तेही तोवर बंद. आणि प्रत्येक वेळी डोस वाढला की हा नियम परत पहिल्यापासून लागू.

रात्री बाथरूमला उठताना आधी बसा, पाय खाली सोडा, थोडं थांबा, लाईट लावा आणि मग उभं राहा. वयस्करांच्या बाबतीत मी तर म्हणेन की या औषधाचा रोजचा खरा धोका पडण्याचाच आहे, त्यामुळे वाटेतलं पायपुसणं आणि वायरी आजच उचला.

दारू बंद. "एखादा पेग" पण नाही.

चेक: आठवड्यानंतरही दिवसभर झापड असेल, बोलताना शब्द अडखळत असतील किंवा एकाचे दोन दिसत असतील तर पुढची पायरी चढू नका, आहे तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करा.

टप्पा ५: डोस वाढवायचा तर असा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

गॅबापेंटिन आतड्यातून रक्तात जायला एक ठराविक वाट लागते आणि त्या वाटेची क्षमता मर्यादित आहे, लोकलच्या दारासारखं, एका वेळी जेवढे आत शिरतील तेवढेच, बाकीचे प्लॅटफॉर्मवर. दिवसाला ९०० एमजी तीन भागांत घेतलं तर त्यातलं साधारण ६० टक्के रक्तात जातं, म्हणजे ५४० एमजी. २४०० घेतलं तर फक्त ३४ टक्के, म्हणजे ८१६ च्या आसपास. गोळ्या अडीच पटीच्या वर गेल्या आणि प्रत्यक्ष पोचलेलं औषध वाढलं दीडपट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दिवसाचे तिन्ही डोस एकदम घेऊन टाकणं म्हणजे बरंचसं औषध वाया घालवणं आणि वर एकाच वेळी जास्त गुंगी ओढवून घेणं. दोन, रात्री फार दुखतंय म्हणून जास्तीची एक टाकली तर तासाभरात काही जादू होत नाही. हे औषध दुखण्याची त्या क्षणीची कळ दाबत नाही, नसांमधून जे सिग्नल उगाच सुटत असतात ते दिवसेंदिवस सारखी पातळी ठेवून शांत करतं.

प्रीगॅबालिनचं उलटं आहे, ते जवळजवळ सगळं म्हणजे ९० टक्के तरी रक्तात जातं, डोस वाढवला की परिणामही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून गॅबापेंटिनवर सवय झालेल्या माणसाने "अजून एक घेतो" हा प्रकार प्रीगॅबालिनवर केला तर जास्त महागात पडतं.

वाढवताना क्रम असा ठेवा: डॉक्टरांनी सांगितलेली एकच पायरी, मग काही दिवस तिथेच मुक्काम, कागदावर दुखणं ० ते १० मध्ये किती ते रोज एकाच वेळी लिहायचं, गुंगी किती तेही, आणि मगच पुढची पायरी. नागिणीच्या दुखण्यासाठी बहुतेकदा १८०० एमजीपर्यंत नेतात, काही दुखण्यांत ३६०० पर्यंतही जातात, पण आकडा गाठणं हे ध्येय नाही. ९०० वर दुखणं निम्मं झालं आणि तुम्ही नीट झोपताय, तर तिथेच थांबायला काहीच हरकत नाही, डॉक्टरांना तसं सांगा.

इशारा: डोस वाढवताना त्याच आठवड्यात दुसरं कुठलंही नवीन गुंगीचं औषध सुरू करू नका. त्रास झाला तर कशाने झाला तेच कळत नाही.

टप्पा ६: रोजच्या भानगडी

ॲसिडिटीचं औषध: ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमवाल्या अँटासिडमुळे गॅबापेंटिन साधारण २० टक्के कमी शोषलं जातं. अँटासिड घेतलं की निदान दोन तासांनी गॅबापेंटिन घ्या. ॲसिडिटीचा त्रास रोजचाच असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

डोस विसरला: आठवला की लगेच घ्या, पण पुढच्या डोसला दोनेक तासच उरले असतील तर विसरलेला सोडून द्या. दोन एकदम नाही, कधीच नाही. घेतली की नाही आठवत नसेल तर घेतली असं धरा आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा, एक चुकल्याने काही बिघडत नाही. म्हणूनच तो कागद. (आठवड्याचा गोळ्यांचा डबा मिळतो तो तर अजून उत्तम.)

गोळ्या संपत आल्या: पाच-सहा दिवसांच्या उरल्या की नवीन आणा. हे औषध बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे परगावी किंवा परदेशी जाताना पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठी दोन्ही सोबत असू द्या.

ऑपरेशन, दात काढणं, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणं: गॅबापेंटिन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

लघवीची तपासणी: पट्टीवर केलेल्या काही चाचण्यांत प्रोटीन नसताना आहे असं दाखवू शकतं, लॅबला औषधाचं नाव सांगा म्हणजे उगाच धास्ती नको.

आणि "माझे पण पाय असेच जळतात" म्हणणाऱ्या नातेवाईकाला आपली गोळी द्यायची नाही. त्यांची किडनी तुम्ही पाहिलेली नाही.

टप्पा ७: कधी घाबरायचं आणि कधी नाही

पाय थोडे सुजले, वजन वाढलं, तोंड कोरडं पडलं: पुढच्या भेटीत सांगा. पण सूज वाढत चालली असेल, दम लागत असेल किंवा आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर भेटीची वाट बघू नका. प्रीगॅबालिनसोबत डायबेटीसची पायोग्लिटाझोन चालू असेल तर सूज आणि वजन दोन्ही जास्त वाढू शकतं.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे अशा गोष्टी: अंगावर पुरळ आणि सोबत ताप किंवा गाठी सुजणं, डोळे किंवा त्वचा पिवळी पडणं. उदास वाटणं अचानक वाढलं, चिडचिड विचित्र झाली, स्वतःला इजा करायचे विचार यायला लागले, तर "दुखण्यामुळे होत असेल" म्हणून सोडून देऊ नका, फिटवरच्या औषधांच्या या सगळ्या गटाबद्दल हा इशारा एफडीएने २००८ मध्येच दिलाय. घरच्यांना ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवा, कारण बरेचदा बदल त्यांनाच आधी दिसतो.

थेट इमर्जन्सी: ओठ-जीभ-चेहरा सुजणं, श्वास घ्यायला त्रास, श्वास फार मंद किंवा उथळ होणं, ओठ निळसर पडणं, हलवूनही माणूस नीट जागा न होणं, किंवा जीव द्यायचा विचार पक्का होत चाललाय असं वाटणं. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

टप्पा ८: लागू पडलं की नाही ते ठरवणं

चार दिवसांत निकाल लावू नका. योग्य डोसपर्यंत चढायलाच काही आठवडे जातात, आणि त्या डोसवर निदान दोन आठवडे राहिल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. कागद काढा आणि पहिल्या आठवड्याचे आकडे आत्ताच्या आकड्यांशी ताडून बघा. दुखणं ८ वरून ५ वर आलं असेल तर तो चांगला फायदा आहे, शून्य होईल अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडते. फक्त आकडा बघू नका, झोप सलग लागते का, चादरीचा स्पर्श सहन होतो का, चालणं वाढलं का, हेही बघा. बधिरपणा मात्र याने सहसा जात नाही, ते याचं काम नाही.

पुरेसा डोस, पुरेसे आठवडे, तरीही आकडा जागचा हलला नसेल तर रेटत बसण्यात अर्थ नाही, दुसरं औषध बघायला डॉक्टरांना सांगा.

टप्पा ९: बंद करणं

बरं वाटतंय म्हणून एक दिवस ठरवून सगळं बंद, ही चूक फार जण करतात. अचानक सोडलं की दोन-तीन दिवसांत घाम, मळमळ, झोप उडणं, घबराट, अंगदुखी सुरू होऊ शकते, आणि फिटचा त्रास असणाऱ्याला फिट येऊ शकते. लोकांना वाटतं जुनं दुखणं परत आलं, आणि ते पुन्हा पूर्ण डोस सुरू करतात.

कमीत कमी एक आठवडा घेऊन उतरवायचं असा नियम आहे, पण बरेच महिने घेतलं असेल तर त्याहून सावकाश. एक सुरक्षित वेग म्हणजे दर ४ दिवसांनी दिवसाच्या डोसातून जास्तीत जास्त ३०० एमजी कमी. १८०० वर असाल तर सहा पायऱ्या, म्हणजे साधारण साडेतीन आठवडे. डॉक्टरांशी बोलून हे तारखांसह लिहूनच घ्या. कुठला डोस आधी कमी करायचा तेही विचारा, रात्रीच जास्त दुखत असेल तर बरेचदा दुपारचा आधी काढतात आणि रात्रीचा शेवटी.

उतरवताना त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत जा, थोडे दिवस थांबा आणि पुढच्या वेळी छोटी पायरी घ्या. त्रास नव्या पायरीनंतर एक-दोन दिवसांत आला आणि हळूहळू ओसरला तर तो बहुतेक औषध कमी झाल्याचा, पण जुन्याच जागी जुनीच आग दिवसेंदिवस वाढत गेली तर ते दुखणं अजून शिल्लक आहे, मग बंद करण्याचा विचार पुढे ढकलून डॉक्टरांना कागद दाखवा.

उरलेल्या गोळ्या कपाटात "पुढे लागतील" म्हणून ठेवू नका, केमिस्ट परत घेत असेल तर तिथे द्या. तोवर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी.